रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची तडतड, क्रॅश आणि मेमरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोड्याफार फरकाने हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले आहेत. ‘रॅम कमी पडतेय का?’ हा त्यातला सगळ्यात लाडका प्रश्न, आणि बहुतेक वेळा दोष रॅमचा नसतोच. आवाज तडतडणं, सॉफ्टवेअर संथ होणं आणि ते कोसळणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. आपलं कोणतं आहे ते आधी ठरवा, मग त्या प्रश्नाकडे वळा.

१. अपडेटच्या यादीत नुसतं ‘स्थिरता आणि मेमरी व्यवस्थापनात सुधारणा’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं काय बदललं?

सहसा या एका ओळीमागे बारीकसारीक दुरुस्त्यांचा ढीग असतो. प्लगइनची (मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्टच्या किंवा वाद्याच्या छोट्या प्रोग्रॅमची) खिडकी बंद केली तरी तिने घेतलेली मेमरी परत मिळत नव्हती, प्रोजेक्ट मिटल्यावरही ऑडिओ फाइल अडकून राहत होती, अनडूचा इतिहास बेसुमार वाढत होता, दोन थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) एकाच वेळी एकाच माहितीला हात लावत होते, अशा चुका सापडतील तशा निस्तरलेल्या असतात.

त्यातली खरी मोलाची दुरुस्ती म्हणजे ऑडिओ थ्रेडमधून मेमरी मागणं बंद करणं. आवाज तयार करणाऱ्या थ्रेडने वाजवता वाजवता ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागितली, तर ती कधी चुटकीसरशी मिळते, कधी वाट पाहावी लागते. वाट पाहिली की आवाज तुटला. म्हणून लागेल तेवढी मेमरी आधीच घेऊन ठेवायची, हा ऑडिओ प्रोग्रॅमिंगमधला जुना नियम आहे, आणि तो आजही सर्रास मोडला जातो.

ही ओळ वाचून तुमचाच क्रॅश दुरुस्त झाला असं धरून चालू नका. सविस्तर चेंजलॉग (बदलांची यादी) मिळाला तर त्यात आपल्या प्लगइनचं किंवा आपण करत होतो त्या कृतीचं नाव शोधा. अपडेट करायचं की थांबायचं, ते प्रश्न १९ मध्ये.

२. रेकॉर्ड केलेला ऑडिओ तर डिस्कवर असतो. मग एवढी मेमरी लागते कशाला?

ऑडिओ ट्रॅकना खरंच फारशी लागत नाही. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० मोजमापं), २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १,४४,००० बाइट वाचतो. असे २४ ट्रॅक एकदम वाजले तरी सेकंदाला साडेतीन मेगाबाइटच्या आत काम भागतं. सॉफ्टवेअर पुढचा थोडासा तुकडा मेमरीत आणून ठेवतं, वाजवतं, सोडून देतं.

मेमरी खातात ती सॅम्पलवर (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांवर) चालणारी वाद्यं: पियानो, ड्रम, स्ट्रिंग्ज. त्याखालोखाल कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या नोंदीवरून घुमारा तयार करणारा इफेक्ट), पिच सुधारणारी साधनं आणि एकाच प्लगइनच्या तीस-चाळीस प्रती. आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ क्लिप पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये चढवण्याची सोय असते. एबलटन लाइव्हमध्ये क्लिपवरचं ‘रॅम’ बटण त्यासाठीच आहे. दहा मिनिटांची स्टीरिओ क्लिप ४८ किलोहर्ट्झला, ३२ बिट फ्लोटमध्ये धरली तर सुमारे २३० मेगाबाइट होतात. छोट्या लूपसाठी ठीक. अख्ख्या गाण्याच्या क्लिपांवर ते बटण चुकून दाबलेलं राहिलं, तर मेमरी कुठे गेली हे शोधत बसाल.

३. मग किती रॅम घ्यावी?

गायन, दोन-चार वाद्यं आणि नेहमीचे इफेक्ट एवढंच काम असेल तर १६ जीबी ऐसपैस. ८ जीबीत होतं, पण ब्राउझर बंद ठेवावा लागतो. मोठ्या ऑर्केस्ट्रा लायब्ररी वापरणाऱ्यांनी ३२ पासून सुरुवात करावी, आणि तिथे ६४ ही उधळपट्टी नव्हे.

मात्र विकत घेण्याआधी मोजा. तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि पूर्ण वाजवा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’ (प्रोग्रॅमना शब्द दिलेली मेमरी) हा आकडा पाहा. तो बसवलेल्या रॅमच्या बऱ्यापैकी आत असेल तर जास्त रॅम घेऊन काही बदलणार नाही. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघा. तो हिरवा असेल तर ‘वापरलेली मेमरी’ कितीही दिसो, काळजी नको. सिस्टिम मोकळी रॅम कॅशसाठी मुद्दाम वापरते आणि मागितली की परत देते.

४. वाजवताना आवाज तडतडतो, मध्येच तुटतो. रॅम वाढवली तर थांबेल का?

बहुधा नाही. तडतड म्हणजे वेळ चुकणं. बफर (एका वेळी तयार करायचा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पलचा, म्हणजे तेवढ्या मोजमापांचा, आणि दर ४८ किलोहर्ट्झचा असेल, तर प्रोसेसरला पुढचा तुकडा ५.३ मिलिसेकंदांत तयार करून द्यावा लागतो. १२८ ला २.७, ६४ ला जेमतेम १.३ मिलिसेकंद. वेळेत दिला नाही की त्या जागी खाच पडते. मागे ४० जीबी रॅम मोकळी असली तरी पडते.

तडतड कधी होते यावरून कारण हुडकता येतं. दर वेळी गाण्याच्या त्याच जागी होत असेल तर तिथे प्रोसेसरवर ताण आहे. टास्क मॅनेजरमधला ‘सीपीयू ३० टक्के’ हा आकडा फसवा असतो, कारण एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी सहसा प्रोसेसरच्या एकाच कोरवर चालते. तो एक कोर दमला तर बाकीचे मोकळे असून उपयोग नाही. अशा वेळी मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) चढवलेले सात-आठ जड प्लगइन आधी बघा.

पहिल्यांदा वाजवताना तडतडतं आणि तोच भाग लगेच परत वाजवला की साफ वाजतो? मग माहिती डिस्कवरून यायला उशीर होतोय. इथे मात्र मेमरीचा संबंध असू शकतो. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरी टॅबवर ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना असतो. वाजवताना तुमच्या सॉफ्टवेअरसमोर तो सतत हलत असेल तर मेमरीत असायला हवी ती माहिती दर वेळी डिस्कवरून आणली जातेय. ही एकच तडतड अशी, जी रॅम वाढवून खरोखर जाते.

आणि प्रोजेक्ट अगदी हलका असूनही अधूनमधून, कुठेही खटका येत असेल तर संशय ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) घ्या. वायफायचा ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याची सेटिंग हे नेहमीचे आरोपी. वायफाय बंद करून बघणं सोपं आहे. विंडोजवर लेटन्सीमॉन हा छोटा प्रोग्रॅम कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते नावानिशी दाखवतो.

५. काहीच वाजत नसताना प्रोसेसरचा काटा वर का चढतो?

रिव्हर्ब किंवा डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटी विरत जाते तेव्हा आकडे शून्याच्या इतके जवळ जातात की प्रोसेसरला ते नेहमीच्या मार्गाने हाताळता येत नाहीत आणि तो कित्येक पट संथ होतो. यांना डीनॉर्मल संख्या म्हणतात. नीट लिहिलेले प्लगइन असे आकडे सरळ शून्य करून टाकतात. एखाद्या जुन्या प्लगइनमध्ये ते केलेलं नसेल तर ट्रॅकवर त्या प्लगइनच्या आधी ऐकू न येण्याइतका बारीक नॉइज सोडला की काटा खाली येतो.

६. बफर वाढवला की क्रॅश कमी होतात का?

नाही. तडतड कमी होते. क्रॅशचं कारण वेगळं असतं. प्रश्न ८ आणि ९ पाहा.

७. प्रोजेक्ट तासभर उघडा ठेवला की मेमरी वाढतच जाते. हा लीक (घेतलेली मेमरी परत न करण्याची चूक) आहे का?

वाढली म्हणजे लीक, असं नाही. वेव्हफॉर्मची चित्रं, अनडूचा इतिहास, पहिल्यांदाच वाजवलेल्या सुरांची सॅम्पल्स, यानेही मेमरी वाढते. फरक असा की ही वाढ कुठेतरी थांबते. लीक थांबत नाही.

तपासायला सोपं आहे. प्रोजेक्ट उघडा, एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा आणि मेमरीचा आकडा लिहून ठेवा. आता आठ मात्रांचा लूप लावून अर्धा तास हात न लावता वाजू द्या. आकडा जवळपास तिथेच असेल तर ऑडिओ इंजिन निर्दोष. मग एकच कृती वीसदा करा: एका प्लगइनची खिडकी उघडा, बंद करा. प्रत्येक वेळी आकडा साधारण सारख्याच पायरीने चढला आणि खाली आलाच नाही, तर लीक सापडला, आणि कोणत्या प्लगइनचा तेही समजलं.

प्रोजेक्ट बंद केल्यावर आकडा मूळ पातळीवर आला नाही तर लोक लगेच लीक म्हणतात. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. प्रोग्रॅम घेतलेली मेमरी पुढच्या कामासाठी स्वतःकडेच राखून ठेवतात. तोच प्रोजेक्ट पुन्हा उघडून बघा. आकडा आधीच्याच उंचीवर थांबला तर ठीक, आधीच्या ढिगावर नवा ढीग चढला तर लीक. लीक दुरुस्त होईपर्यंत उपाय एकच: प्रोजेक्ट बदलताना सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणं.

८. कोणत्या प्लगइनमुळे क्रॅश होतोय हे कसं शोधायचं?

अंदाज बांधण्याआधी नोंद वाचा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या अॅप्लिकेशनमध्ये जा आणि क्रॅशच्या वेळेची लाल खूण शोधा. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ अशी ओळ असते. तिथे प्लगइनच्याच फाइलचं नाव असेल तर अर्धं काम झालं. जवळच एक्सेप्शन कोड असतो. तो सी००००००५ ने संपत असेल तर कुणीतरी आपली नसलेली मेमरी वाचली किंवा लिहिली आहे.

सी००००३७४ दिसला तर मात्र जपून. याचा अर्थ मेमरीच्या साठ्याची मांडणीच कुणीतरी बिघडवून ठेवली आणि ते नंतर उघडकीला आलं. ज्याच्या हातात असताना क्रॅश झाला तो बिचारा निर्दोष असू शकतो. मॉड्यूलच्या जागी ‘एनटीडीएलएल’ हे विंडोजचं स्वतःचं नाव आलं तरी तीच कथा. विंडोज पुन्हा टाकू नका.

मॅकवर कन्सोल अॅपमध्ये क्रॅश रिपोर्ट मिळतात. ज्या थ्रेडपुढे ‘क्रॅश्ड’ लिहिलंय त्याच्या यादीतल्या पहिल्या काही ओळी वाचा. त्यात प्लगइनचं नाव उघड दिसतं.

नोंदीतून काही निघालं नाही तर निम्मे-निम्मे करून शोधा. प्रोजेक्टची प्रत करा, निम्मे प्लगइन ऑफलाइन करा (मेमरीतून उतरवा), क्रॅश होणारी कृती पुन्हा करा. क्रॅश थांबला तर आरोपी त्या निम्म्यात. मग त्यातले निम्मे. चौसष्ट प्लगइन असले तरी सहा फेऱ्यांत एकावर येता, आणि एकेक काढत बसण्यापेक्षा ते बरं.

९. एक प्लगइन पडला तर अख्खं सॉफ्टवेअर का कोसळतं? त्याला वेगळं ठेवता येत नाही का?

स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी हे प्लगइनचं मानक आणलं १९९६ मध्ये, आणि तेव्हापासूनची रूढ पद्धत अशी की प्लगइन मुख्य सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमने चालू प्रोग्रॅमला दिलेल्या वेगळ्या कप्प्यात), त्याच्याच मेमरीत राहतो. त्याने चुकीच्या जागी लिहिलं तर ती जागा मिक्सरची असू शकते किंवा दुसऱ्या प्लगइनची. ऑपरेटिंग सिस्टिमला दिसते एकच प्रोसेस, आणि ती बंद पाडते तीही एकच.

वेगळं ठेवता येतं. बिटविग स्टुडिओ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळातच आहे: सगळे प्लगइन मिळून एक प्रोसेस, कंपनीवार एकेक, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र, असं निवडता येतं. रीपरमध्ये प्लगइनच्या यादीत उजवी क्लिक करून ‘रन अॅज’मधून सेपरेट किंवा डेडिकेटेड प्रोसेस देता येते. मग प्लगइन पडला तर त्याचा आवाज जातो, बाकी गाणं चालू राहतं.

हे फुकट मिळत नाही. प्रत्येक प्रोसेसची स्वतःची मेमरी लागते आणि प्रत्येक बफरला आवाज प्रोसेसच्या हद्दीपलीकडे नेऊन परत आणावा लागतो. शंभर प्लगइन एकेकटे ठेवले तर छोट्या बफरवर फरक जाणवतो. माझ्या मते संशयितांना तेवढं वेगळं ठेवावं, बाकीच्यांना एकत्र नांदू द्यावं.

१०. जुने ३२ बिट प्लगइन अजून वापरता येतील का?

विंडोजवर ब्रिजमधून येतील. ब्रिज असलेलं सॉफ्टवेअर त्यांना स्वतंत्र ३२ बिट प्रोसेसमध्ये चालवतं. पण ३२ बिट प्रोसेसला जास्तीत जास्त ४ जीबी पत्ते मिळतात, आणि तसं खास सांगितलेलं नसेल तर २ जीबीच. मशीनमध्ये ६४ जीबी असली तरी त्या प्लगइनसाठी ती नसल्यासारखीच. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. जुन्या प्रोजेक्टमध्ये असा प्लगइन असेल तर तो चालतोय तोवरच ट्रॅक ऑडिओत बाउन्स करून (ऑडिओ फाइल बनवून) ठेवा.

११. प्रोजेक्ट उघडतानाच क्रॅश होतो. आत शिरताच येत नाही. काय करू?

आधी फाइलची प्रत करा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा. रीपरच्या ओपन खिडकीत प्लगइन ऑफलाइन ठेवून उघडण्याचा रिकव्हरी पर्याय आहे. तसं उघडून एकेक प्लगइन ऑनलाइन करत जा. ज्याने दगा दिला तो कळतोच. क्युबेस सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो. बिघाड सेटिंगमध्ये असेल तर त्याने सुटतो.

अशी सोय नसेल तर संशयित प्लगइनची फाइल त्याच्या फोल्डरमधून तात्पुरती दुसरीकडे हलवा. सॉफ्टवेअर ‘प्लगइन सापडला नाही’ म्हणेल, पण प्रोजेक्ट उघडेल. आत गेल्यावर त्याच नावाने सेव्ह करू नका. काही सॉफ्टवेअर गायब प्लगइनच्या सेटिंग जपून ठेवतात, काही टाकून देतात.

हेही जमलं नाही तर नवा कोरा प्रोजेक्ट घेऊन जुन्यातले ट्रॅक इम्पोर्ट करा. आणि ऑटोसेव्हच्या मागच्या प्रती विसरू नका: क्युबेसच्या ‘बॅक’ फाइली, रीपरच्या ‘आरपीपी-बॅक’. कालची चालणारी प्रत बहुतेक वेळा तिथेच पडलेली असते.

१२. सॅम्पल वाद्यांची मेमरी कमी कशी करायची?

ही वाद्यं प्रत्येक सॅम्पलचा फक्त सुरुवातीचा तुकडा मेमरीत ठेवतात आणि उरलेलं सूर वाजल्यावर डिस्कवरून ओढतात. म्हणून हिशोब सोपा आहे. वाद्यात दहा हजार सॅम्पल्स आणि प्रत्येकाचा ६० किलोबाइटचा तुकडा धरला तर ६०० मेगाबाइट. तोच तुकडा १२ किलोबाइटवर आणला तर १२० मेगाबाइट. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये (सॅम्पल्स वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) या सेटिंगला प्रीलोड बफर म्हणतात. सॅम्पल्स एसएसडीवर असतील तर तो बिनधास्त कमी करा. फिरत्या हार्डडिस्कवर असतील तर करू नका, प्रश्न ४ मधली ‘पहिल्यांदाच तडतडणारी’ तक्रार ओढवून घ्याल.

दुसरा उपाय पर्जचा. गाणं एकदा पूर्ण वाजवा आणि न वापरलेली सॅम्पल्स पर्ज करा (मेमरीतून काढा); चार सुरांसाठी अख्खा पियानो कशाला धरायचा? तिसरा, माइकची निवड. एकाच व्हायोलिनचे जवळचे, मधले आणि लांबचे असे तिन्ही माइक चालू असतात, आणि प्रत्येकाची सॅम्पल्स वेगळी. दोन बंद केले की दोन-तृतीयांश भार गेला.

१३. ट्रॅक म्यूट केला, प्लगइन बायपास केला, शेवटी फ्रीझही (तात्पुरता ऑडिओत रूपांतरित) केला. रॅम काही सुटली नाही. का?

म्यूट आणि बायपासचा मेमरीशी संबंध नाही. प्लगइन जागच्या जागीच असतो, क्षणात परत चालू करता यावा म्हणून. मेमरी सुटते ती प्लगइन उतरवल्यावर: रीपरमध्ये ‘ऑफलाइन’, प्रो टूल्समध्ये ‘मेक इनअॅक्टिव्ह’, क्युबेसमध्ये ‘डिसेबल ट्रॅक’.

फ्रीझचं सॉफ्टवेअरनुसार बदलतं. सगळीकडे प्रोसेसर मोकळा होतो. मेमरी होईलच असं नाही. क्युबेसच्या फ्रीझच्या खिडकीत वाद्य उतरवण्याचा पर्याय वेगळा असतो, तो निवडावा लागतो. आणि एकाच सॅम्पलरमध्ये सोळा वाद्यं भरून सोळा ट्रॅक चालवत असाल, तर एक ट्रॅक थंड करून सॅम्पलर उतरणार नाही.

१४. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) बंद केली तर ऑडिओ स्थिर होतो म्हणतात. खरं का? आणि रॅम क्लीनरचं काय?

पेजफाइल बंद करू नका. विंडोजमध्ये प्रोग्रॅमना किती मेमरीचा शब्द देता येईल, याची मर्यादा (कमिटची मर्यादा) रॅम अधिक पेजफाइल एवढी असते. प्रोग्रॅम मागून ठेवतात पुष्कळ, प्रत्यक्ष वापरतात थोडी. पेजफाइल काढलीत तर ती मर्यादा खाली येते आणि रॅम मोकळी दिसत असतानाच मागणी नाकारली जाते. नकार नीट न हाताळणारा प्लगइन तिथेच कोसळतो. आकार सिस्टिमवर सोडा.

रॅम क्लीनर तर उलटंच करतात. चालू प्रोग्रॅमची माहिती रॅममधून बाहेर ढकलतात आणि मोकळ्या रॅमचा मोठा आकडा दाखवतात. पुढच्या प्लेला तीच माहिती परत आणावी लागते. काढून टाका.

१५. अर्धी रॅम रिकामी आहे, तरी ‘आउट ऑफ मेमरी’ येतं. हे कसं?

मेसेज मेमरीचा असला तरी संपलेली वस्तू दुसरीच असू शकते. ३२ बिट प्लगइनची मर्यादा (प्रश्न १०) आणि कमिटची मर्यादा (प्रश्न १४) आधी तपासा. मग एक कमी माहितीची गोष्ट. विंडोजमध्ये एका प्रोसेसला चित्रं, फॉन्ट, ब्रश वगैरेसाठी जीडीआय ऑब्जेक्ट मिळतात, आणि मूळ सेटिंगमध्ये त्यांची कमाल १०,००० आहे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना जोडून बघा. प्लगइनच्या खिडक्या उघडझाप करताना आकडा चढत चढत दहा हजाराकडे निघाला असेल, तर आधी बटणं आणि अक्षरं गायब होतात, मग क्रॅश. रॅम कितीही घाला, याला उपयोग नाही. खिडक्या कमी उघडा आणि अधूनमधून सॉफ्टवेअर बंद करून सुरू करा.

१६. लांबचं रेकॉर्डिंग काही तासांनी आपोआप थांबतं. मेमरी संपते का?

बहुधा फाइलची मर्यादा भरते. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकाराची नोंद ३२ बिटमध्ये असते, म्हणून ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. काही प्रोग्रॅम २ जीबीलाच अडखळतात. स्टीरिओ, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला ४ जीबी भरायला चार तासांवर थोडी मिनिटं लागतात. ३२ बिट फ्लोट आणि ९६ किलोहर्ट्झला साधारण ९३ मिनिटं. आठ चॅनल एकाच फाइलमध्ये घेत असाल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झलाही तास-सव्वा तासात संपलं.

रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये आरएफ६४ किंवा वेव्ह६४ निवडा. आरएफ६४ हे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने नेमकं याचसाठी ठरवलेलं रूप. डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर मात्र कुठलीच फाइल ४ जीबीपलीकडे जाणार नाही.

१७. रेकॉर्डिंग चालू असतानाच क्रॅश झाला. घेतलेलं सगळं गेलं का?

शक्यता कमी आहे. ऑडिओ डिस्कवर सतत लिहिला जातो. फाइलच्या सुरुवातीला किती ऑडिओ आहे ही नोंद मात्र अनेकदा रेकॉर्डिंग थांबवताना भरली जाते. ती राहून गेली की फाइल ‘शून्य सेकंद’ दाखवते, आणि लोक ती डिलीट करतात. करू नका. फाइलचा आकार बघा. तो शेकडो मेगाबाइट असेल तर आवाज आत आहे.

प्रत करून ती ऑडेसिटीमध्ये इम्पोर्टच्या ‘रॉ डेटा’मधून उघडा. २४ बिट साइन्ड, लिटल-एंडियन, चॅनल आणि सॅम्पल रेट रेकॉर्डिंगचाच द्या. नुसता कर्कश नॉइज ऐकू आला तर घाबरू नका: २४ बिटचं एक सॅम्पल तीन बाइटचं असतं आणि वाचन मधूनच सुरू झालंय. सुरुवातीचा ऑफसेट ०, १, २ असा बदलून बघा. तिघांपैकी एकाला आवाज स्वच्छ येतो. सुरुवातीला छोटा खटका राहतो तो कापून टाका.

ऑडेसिटीतच रेकॉर्ड करत असाल तर वेगळी काळजी. मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये, एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात राहतो. क्रॅशनंतर तिच्या शेजारी नावात ‘वॉल’ असलेली फाइल दिसली तर ती कचरा नाही. शेवटची माहिती तिच्यात असू शकते. दोन्ही फाइली एकत्र ठेवून प्रोजेक्ट ऑडेसिटीतच उघडा.

रेकॉर्डिंगचा फोल्डर क्लाउडशी सिंक होणारा नसावा. वाढती फाइल वर चढवण्याच्या खटाटोपात सिंक प्रोग्रॅम ती अडवून धरू शकतो.

१८. लिनक्सवर एक्सरन (वेळेत आवाज न पोचल्याने पडणाऱ्या खाचा) येतात आणि ‘मेमरी लॉक करता आली नाही’ असा इशारा दिसतो. काय करायचं?

ऑडिओ प्रोग्रॅमला आपली मेमरी स्वॅपमध्ये (डिस्कवर) जाऊ नये म्हणून ती रॅममध्ये खिळवून ठेवायची असते, पण साध्या युजरला तसं मर्यादितच करता येतं. स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला आणि लिमिट्सच्या सेटिंगमध्ये त्या ग्रुपला ‘मेमलॉक अनलिमिटेड’ आणि ‘आरटीप्रायो ९५’ द्या. लॉगआउट करून परत आल्यावरच ते लागू होतं. इथे निम्मे लोक अडकतात.

१९. नवी आवृत्ती आली आहे. घालू की जुनीच चालवू?

काम अर्धवट असेल तर थांबा. क्रॅशमुळे कामच अडलं असेल आणि चेंजलॉगमध्ये तोच क्रॅश दिसत असेल तेव्हाच मधेच अपडेट करा. शेवटच्या आकड्यापुरता बदल असलेली आवृत्ती सहसा सुखरूप असते. पहिला आकडा बदलला की दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्याव्यात, हे माझं मत.

नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडेलच याची खात्री नसते. म्हणून आधी प्रत. क्युबेसच्या दोन मुख्य आवृत्त्या एकाच मशीनवर नांदतात, रीपर वेगळ्या फोल्डरमध्ये पोर्टेबल म्हणून बसतं. तिथे नवी आवृत्ती चार दिवस तपासा, जुनी हलवू नका. आणि सॉफ्टवेअर, ऑडिओ ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम एकाच दिवशी कधीही बदलू नका. काही बिघडलं तर कशामुळे, हे कोण सांगणार?

२०. वरचं सगळं करून झालं. क्रॅश कधीही, कुठेही, दर वेळी वेगळ्या नोंदीसह होतो.

दर वेळी वेगळं मॉड्यूल आणि वेगळा कोड येत असेल, शिवाय इतर प्रोग्रॅमही पडत असतील, तर रॅमची पट्टीच सदोष असू शकते. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर ती बंद करून पुन्हा तपासा. पुष्कळदा पट्टी चांगली असते, वेग तेवढा झेपत नसतो.

२१. सॉफ्टवेअरच्या कंपनीला तक्रार कशी पाठवावी म्हणजे ती वाचली जाईल?

‘नवीन अपडेटनंतर सारखं क्रॅश होतं’ यातून कुणालाच काही करता येत नाही. सॉफ्टवेअर, प्लगइन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्या पूर्ण आवृत्त्या द्या. कोऱ्या प्रोजेक्टपासून सुरू करून क्रॅशपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा, आणि तो दहापैकी किती वेळा होतो ते सांगा. लीकची तक्रार असेल तर प्रश्न ७ मधले आकडे जोडा. क्रॅश डम्प (क्रॅशच्या क्षणाची मेमरीची नोंद) असेल तर सोबत द्या, पण त्यात तुमच्या युजरचं नाव, फोल्डरची नावं आणि मेमरीत त्या वेळी असलेली आणखीही माहिती असू शकते. म्हणून डम्प खासगी सपोर्ट तिकिटातूनच पाठवा. सार्वजनिक ठिकाणी टाकू नका.